आधी टेप लावा, मग आकडा लिहा



दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतली एक सून विहारात रविवारच्या वंदनेला आली होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना सरत आलेला. पोट मात्र सहाव्या महिन्यासारखे. मी सहज विचारले तर म्हणाली, "ताई, सासू तर खुश आहे. म्हणते, पोट लहान आहे, बाळंतपण सोपं जाईन." मी तिला कार्ड आणायला सांगितले. माता-बाल संरक्षण कार्डावर सगळे रकाने भरलेले होते. अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भाशयाची उंची २८, बत्तिसाव्या आठवड्यात ३२, चौतिसाव्यात ३४. इतके सुबक आकडे पाहून माझ्या पोटात गोळा आला. विहाराच्या मागच्या खोलीत तिला झोपवून मी स्वतः टेप लावली. पस्तीस आठवडे झाले होते आणि उंची भरली २९ सेंटीमीटर.

त्याच दिवशी आम्ही तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. सोनोग्राफीत कळले की बाळाची वाढ मागे पडली आहे, गर्भजल कमी आहे आणि नाळेतून जाणारा रक्तपुरवठाही घटला आहे. दोन दिवसांनी सिझर झाले. मुलगी झाली, वजन १ किलो ७०० ग्रॅम. पंधरा दिवस नवजात काळजी कक्षात राहून ती घरी आली. आज ती आईच्या अंगावर पिते आहे.

ही गोष्ट चांगल्या शेवटाची आहे. पण त्या कार्डावरचे आकडे पाहून माझ्या पोटात गोळा का आला, हे सांगितल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. असे आकडे मी स्वतः लिहिलेले आहेत.

नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन मी नोकरीला लागले तेव्हाची ही हकीकत. तपासणीच्या दिवशी बाहेर शंभर बायकांची रांग, आत आम्ही दोघी. वजन, रक्तदाब, सुई, गोळ्या, रजिस्टर. टेप टेबलाच्या खणात पडून असायची. पाळीच्या तारखेवरून आठवडे काढायचे आणि तोच आकडा उंचीच्या रकान्यात लिहायचा, हे मी सीनियरकडून पाहूनच शिकले. एक दिवस नवव्या महिन्यातली एक बाई म्हणाली, "सिस्टर, कालपासून लेकरू शांत आहे." मी म्हटले, "आता जागा कमी पडते, म्हणून हलत नाही. उद्या डॉक्टरीणबाई येतील, तेव्हा या." ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा ठोके नव्हते. पूर्ण दिवसांचे बाळ, वजन १ किलो ६०० ग्रॅम. तिच्या कार्डावर माझ्या अक्षरात सगळे ठीकठाक लिहिलेले होते.

त्या बाईने मला एक शब्दही सुनावला नाही. "नशिबात नव्हतं," म्हणाली. ते माझ्या मनातून आजतागायत गेलेले नाही. नशीब कसले? महिनाभर आधी टेप लावली असती तर ते बाळ कदाचित वाचले असते. म्हणून आज हे लिहिते आहे.

वाढ कमी म्हणजे नेमके काय?

प्रत्येक लहान बाळ आजारी नसते. आईवडील ठेंगणे-सडपातळ असतील तर बाळही लहान असू शकते आणि ठणठणीत असू शकते. गर्भाची वाढ कमी असणे म्हणजे बाळ जितके वाढायला हवे होते तितके वाढत नाही, मध्येच मागे पडते. हे एकदा मोजून कळत नाही. महिन्यागणिक मोजमाप वर चढते आहे की अडकले आहे, ते पाहावे लागते. म्हणून तपासणीला एकदाच जाऊन भागत नाही.

बाळाला जे मिळते ते वारेतून मिळते. आईच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्न वारेतून नाळेत आणि नाळेतून बाळाकडे जाते. वारेला रक्त कमी पोचले की बाळ काटकसर करते. मेंदू आणि हृदय यांच्याकडे रक्त वळवते, बाकी शरीराची वाढ रोखून धरते. आपल्या घरात पैसा कमी असला की आधी भाकरी आणि मग बाकीचे, तसेच. पण ही काटकसरही एका मर्यादेपर्यंतच चालते. पुढे बाळाची हालचाल मंदावते आणि मग ठोके थांबू शकतात.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून पुष्कळ घरे निर्धास्त होतात. ती सोनोग्राफी प्रामुख्याने बाळात काही व्यंग आहे का, हे पाहण्यासाठी असते. वारेचा तुटवडा बहुधा सातव्या महिन्यानंतर दिसू लागतो. म्हणून शेवटचे तीन महिने मोजमापाचे आहेत, हे लक्षात ठेवा.

कारणे आपल्याच अंगणात आहेत

कुणी म्हणते ग्रहणात भाजी चिरली, कुणी म्हणते नजर लागली. बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला ज्या मार्गावर आणले, तिथे कारण शोधायचे असते. कारणे अशी आहेत.

पहिले, रक्त कमी असणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर १०० गरोदर स्त्रियांपैकी ५२ जणींचे रक्त कमी आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की रक्त कमी, आणि ७ च्या खाली गेले की प्रकरण गंभीर.

दुसरे, रक्तदाब. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब असेल तर वारेच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा सुजणे, छातीखाली पोटात दुखणे ही लक्षणे दिसली की थांबू नका. आधीच्या खेपेला रक्तदाब वाढला होता किंवा बाळ कमी वजनाचे झाले होते, तर या खेपेला तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. अशा काही जणींना कमी मात्रेची ॲस्पिरिन लवकर सुरू केल्यास उपयोग होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची, मनाने नाही.

तिसरे, तंबाखू. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत मिश्री, आमच्या विदर्भात गुडाखू आणि खर्रा. बाया म्हणतात, "आम्ही कुठे बिडी ओढतो? दात तर घासतो." मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. दात घासताना तंबाखू हिरड्यांतून थेट रक्तात जातो आणि रक्तातून बाळापर्यंत. नवऱ्याच्या बिडीचा आणि चुलीचा धूरही त्यात भर घालतो.

चौथे, सिकलसेल. विदर्भात आपल्या समाजात हा आजार आहे, हे लपवून चालणार नाही. फक्त वाहक असलेली स्त्री सहसा ठणठणीत असते. पण जिला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, तिच्या बाळाची वाढ कमी राहण्याचा धोका बराच असतो. तिची तपासणी आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवे. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर खेपेला चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते. म्हणून पत्रिका जुळवायची नसली तरी लग्नाआधी सिकलसेलचा रिपोर्ट जरूर पाहा.

याशिवाय कमी वयात आलेले गरोदरपण, दोन बाळांत अंतर नसणे, जुळे, हिवताप, मूत्रपिंडाचा आजार ही कारणे आहेतच. काही वेळा बाळातच दोष असतो. आणि काही वेळा सगळे तपासूनही कारण सापडत नाही. त्यामुळे सासूने सुनेला आणि सुनेने स्वतःला दोष देऊ नये. कारण शोधायचे ते पुढची पायरी ठरवण्यासाठी.

पोट लहान, बाळंतपण सोपे?

हा समज मी पंचवीस वर्षे ऐकते आहे. जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल, मग सिझर करावे लागेल, म्हणून सातव्या महिन्यापासून सुनेचे जेवण कमी करायचे. ही माया आहे, हे मला मान्य आहे. आमच्या आज्यांच्या काळी सिझरची सोय नव्हती, अडलेली बाई मरायची, त्या भीतीतून हा समज आला असेल. पण आज तो उलटा पडतो आहे. वाढ खुंटलेल्या बाळाला कळा सोसवत नाहीत, ठोके घसरतात आणि मग तेच सिझर करावे लागते. वर बाळ पेटीत. जन्मल्यावर त्याची साखर उतरते, अंग गार पडते, दूध ओढायला ताकद नसते.

दुसऱ्या टोकाला महागडे डबे आहेत. बाळाचे वजन भरत नाही म्हटले की पाचशे-सातशे रुपयांची प्रोटीन पावडर लिहून दिली जाते. मजुरी करणारा नवरा उसने पैसे काढून ती आणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितले आहे की गरोदरपणात नुसते जादा प्रोटीन देण्याची शिफारस नाही. कुपोषण असलेल्या भागात गरज आहे ती भरपूर आणि समतोल अन्नाची. त्याच सातशे रुपयांत अंडी, डाळ, चणे, शेंगदाणे, पालेभाजी, दूध किती दिवस येईल, याचा हिशेब घरातल्या बाईला माझ्यापेक्षा चांगला येतो. तसेच महिनोन् महिने खाटेवर पडून राहिल्याने बाळ वाढते, याला पुरावा नाही. जड कष्ट थांबवा, दुपारी आडवे व्हा, पण सुनेला खाटेला बांधू नका.

स्पष्टच सांगते, वारेचा रक्तपुरवठा घटला की तो भरून काढणारी गोळी किंवा सलाईन आज तरी नाही. डॉक्टरांच्या हातात दोन गोष्टी असतात. बाळावर बारीक लक्ष ठेवणे आणि योग्य वेळी त्याला बाहेर काढणे. डॉप्लर सोनोग्राफीत नाळेतला रक्तप्रवाह कळतो. बाळाला फार लवकर काढावे लागणार असेल तर त्याच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देतात. किती दिवस पोटात ठेवायचे आणि कधी काढायचे, हा निर्णय अवघड असतो. पण तो निर्णय घ्यायला बाळ मागे पडले आहे हे आधी कळले पाहिजे. टेपचे महत्त्व इथे आहे.

तुमच्या हातातले मोजमाप

पाळी चुकली की पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तारीखच चुकली तर पुढचे सगळे मोजमाप चुकते. तारीख आठवत नसेल तर तिसऱ्या महिन्याच्या आतबाहेर केलेल्या सोनोग्राफीत दिवस बऱ्यापैकी नेमके कळतात.

सहाव्या महिन्यापासून प्रत्येक तपासणीत पोटावर टेप लावायला सांगा. लघवी करून जा, पाठीवर झोपा. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत जितके सेंटीमीटर, साधारण तितके आठवडे. तीन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल, किंवा दोन तपासण्यांत आकडा हललाच नसेल, तर सोनोग्राफी करून घ्या. टेप ही पहिली चाळणी आहे, शेवटचा निकाल नाही. अंगाने जाड बाई असेल किंवा जुळे असेल तर टेप फसते, तिथे सोनोग्राफीच हवी.

आईचे वजनही पाहा. पूर्ण गरोदरपणात साधारण ९ ते ११ किलो वाढ अपेक्षित असते. सलग दोन तपासण्यांत काटा जागचा हलला नाही, तर विचारा.

चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, किमान १८० दिवस. ती लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही. संडास काळी होते म्हणून घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण गोळ्या चुलीमागच्या डब्यात साठवू नका. ते डबे मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, हालचाल. सातव्या महिन्यानंतर रोज एका ठरलेल्या वेळी, जेवण झाल्यावर, डाव्या कुशीवर पडा आणि बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्या. तुमच्या बाळाची रोजची चाल तुम्हालाच ठाऊक असते. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा बाळ नेहमीपेक्षा शांत वाटले, तर त्याच वेळी रुग्णालयात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. "शेवटच्या महिन्यात बाळ हलत नाही" असे कुणी सांगितले, मग ती माझ्यासारखी सिस्टर का असेना, तर ऐकू नका. शेवटच्या महिन्यात हालचालीची तऱ्हा थोडी बदलते, पण बाळ गप्प होत नाही.

गर्भ राहण्याच्या आधीचे ताट

पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९० च्या दशकात जवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. ज्या माता पालेभाजी आणि फळे वरचेवर खात होत्या, त्यांची बाळे अंगाने भरलेली होती. शेतात आणि घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या मातांची बाळे तुलनेने लहान होती. पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणखी एक प्रयोग झाला. तिथे स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ रोज दिला. सगळ्यांची सरासरी काढली तर बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. पण ज्यांना गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ मिळाला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरले. आणि अगदी हडकुळ्या स्त्रियांच्या बाळांना हा फायदा दिसला नाही.

याचा अर्थ मी असा लावते. वर्षानुवर्षांची उपासमार नऊ महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही. सुनेच्या डोहाळजेवणात पाच पक्वान्ने करून भागणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटात अंडे पडले पाहिजे. आपल्या घरांत बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो आहेत, तरी बायका शेवटी जेवतात आणि तळाशी उरलेले खातात. भात संपला तर पाणी पिऊन झोपतात. हे पुरुषांनी एकदा मागे थांबून पाहावे. निदान गरोदर बाई घरात आहे तोवर तिने सगळ्यांच्या आधी जेवावे, एवढा नियम घरात करा.

हा प्रश्न एकट्या घराचा नाही

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-रजेचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. आज कायद्यात २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण ती मिळते कुणाला? आमच्या वस्तीतल्या बाया चार घरची धुणीभांडी करतात, बांधकामावर घमेली उचलतात, कचरा वेचतात. नवव्या महिन्यापर्यंत काम आणि सुट्टी घेतली की खाडा. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. ते जरूर घ्या, पण तेवढ्याने चार महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. असंघटित कामगार बाईला बाळंतपणाची खरी भरपाई मिळाली पाहिजे, ही आपल्या संघटनांची मागणी असायला हवी. मोर्च्यांच्या निवेदनात ती मला क्वचितच दिसते.

दुसरी मागणी आरोग्य केंद्रांकडे. दोन नर्स आणि शंभर बायका, या हिशेबात टेप खणातच राहणार. मी त्या सिस्टरना दोष देऊन मोकळी होणार नाही, कारण मी त्यांच्या जागी उभी होते. जागा भरा, माणसे द्या. पण माणसे कमी आहेत म्हणून खोटा आकडा लिहायचा, हे मात्र मान्य नाही. मोजले नसेल तर रकाना कोरा ठेवा. कोरा रकाना पुढच्या माणसाला निदान सावध करतो. खोटा आकडा त्याला झोपवतो.

हक्क माहीत करून घ्या. सरकारी रुग्णालयात तपासण्या, औषधे, सिझर, रक्त, जेवण आणि वाहन गरोदर बाईसाठी मोफत आहे. आजारी नवजात बाळासाठीही उपचार मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून तपासणीची मोहीम असते. १०२ आणि १०८ हे क्रमांक दारामागे लिहून ठेवा. बाळ कमी वजनाचे झाले तर त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायचे, आईचेच दूध द्यायचे, घाईने आंघोळ घालायची नाही. बापानेही छातीशी धरले तर चालते. आमच्या त्या मुलीला तिचा बाप रोज तासभर असा धरून बसतो. त्याची आई आधी हसली, आता तीच नातीला त्याच्या छातीवर नीट बांधून देते.

शेवटी एक साधी सूचना. प्रत्येक विहारात एक वजनकाटा, एक रक्तदाबाचे यंत्र आणि एक टेप ठेवा. वर्गणी काढायची म्हटली तरी घरटी फार येणार नाही. महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर आशाताईला किंवा वस्तीतल्या एखाद्या नर्सला बोलवा आणि गरोदर बायकांची कार्डे बघा. औषध देऊ नका, उपचार करू नका. फक्त मोजा, आणि आकडा अडला असेल तर त्या बाईबरोबर रुग्णालयापर्यंत चाला. एकटी गेली तर तिला परत पाठवतात. चौघी बरोबर असल्या की टेप खणातून बाहेर येते, हा माझा अनुभव आहे.

जयभीम.